चित्रातली म्हैस

आपली माणसं बोईसरला राहतात आणि जळायला मात्र गावाला जातात, असं माझी बायको चेष्टेनं म्हणायची. चेष्टा खरीच होती. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. तरुणपणी मी इथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात बॉयलरवर लागलो आणि इथलाच झालो. आमच्या बिल्डिंगमध्ये सांगलीचे आहेत, जळगावचे आहेत, बीडचे आहेत. सगळ्यांची रेशनकार्डं इथली, पोरांच्या शाळा इथल्या, पण घरात कुणी गेलं की पहिला फोन गाडीवाल्याला आणि दुसरा गावच्या भावकीला. इथंही स्मशान आहे, पत्र्याची चांगली शेड आहे. पण आपलं माणूस तिथं ठेवणं आमच्या जिवावर येतं.

बायकोही तशीच गेली. संक्रांत तोंडावर आली होती. सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्याशी खाली बसली ती उठलीच नाही. दुपारी पांढरी गाडी बिल्डिंगखाली लागली. माझी नात तेव्हा बालवाडीत होती. तिला तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंकडे ठेवलं होतं. निघताना माझा मुलगा तिच्यापाशी गेला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आजी गावाला चाललीय." तो तरी दुसरं काय म्हणणार होता? गाडी खरोखरच गावाला चालली होती.

तेरावं उरकून आम्ही परतलो तेव्हा नातीनं विचारलं, "आजीला का नाही आणलं?"

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट रचायला सुरुवात झाली. आजी गावाला राहिलीय, कारण आंब्याला मोहर आलाय. आजी फोन करत नाही, कारण गावात रेंज नाही. यातही खोटं काही नव्हतं. आमच्या गावात फोन लावायचा तर देवळाच्या टेकाडावर चढावं लागतं. शेजारीणबाई, वाणी, भाजीवाली, सगळ्यांनी या गोष्टीत आपापली भर घातली. मी गप्प बसायचो. मला तेव्हा बोलायचाच कंटाळा आला होता. सकाळी चहा गाळायला घेतला की माझा हात थांबायचा.

नातीनं मात्र गोष्ट पूर्ण मनावर घेतली. टीव्हीजवळ आजीचा चष्मा पडून होता. तपकिरी फ्रेमचा, एका दांडीचा स्क्रू पडला म्हणून तिथं काळा दोरा बांधलेला. हा चष्मा लावून ती तांदूळ निवडायची आणि बोंबील साफ करायची. घाटावरची बाई, लग्नाआधी मासा कधी हातात धरला नव्हता, पण चिंचणीच्या कोळिणीशी हुज्जत घालता घालता बोंबलातली पक्की दर्दी झाली होती. नातीनं तो चष्मा उचलला, रुमालात गुंडाळला आणि आपल्या खेळण्यांच्या डब्यात ठेवला. म्हणाली, "आजी विसरून गेली. मे महिन्यात गावाला गेलो की मी देईन."

मे महिना जवळ यायला लागला तशी घरातल्या आम्हा मोठ्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा म्हणायचा, तिथं गेल्यावर सांगू. सून म्हणायची, "म्हणजे ती आधी घरभर शोधणार, परसात जाऊन हाका मारणार, आणि मग आपण सांगायचं?" बरोबरच बोलत होती ती. पण मुलाची शिफ्ट, सून औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये, दोघांनाही घरी यायला संध्याकाळ व्हायची. दिवसभर पोरीजवळ असायचो मी. म्हणजे हे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं, आणि ते मला अजिबात नको होतं.

इथं माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी तापट माणूस आहे. बॉयलरवर सगळा जन्म प्रेशरच्या काट्याकडे बघण्यात गेला. दर तासाला काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. नवीन पोरं जागेवर बसून अंदाजे आकडा टाकायची, तेव्हा मी त्यांना फैलावर घ्यायचो. "काटा दाखवतो ते लिही, तुला बरं वाटतं ते नको." माझ्या या वाक्याची ती पोरं नक्कल करायची, मला माहीत होतं. आणखी एक, माझी नजर अजून चांगली आहे. या वयातही मी पेपर चष्म्याशिवाय वाचतो. याचा मला फार तोरा होता. बायको म्हणायची, पेपर हातभर लांब धरलात की कुणालाही दिसतो.

एक दिवस बालवाडीच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. त्या चिंचणीकडच्या, कोळ्यांच्या घरातल्या. घरची बोट आहे, भाऊ दर्यावर जातात. मुलांना शिकवताना त्या पुस्तकातलं मराठी बोलतात आणि मोठ्या माणसाशी बोलायला लागल्या की घरचं बोलतात. त्यांनी एक चित्र माझ्यापुढे धरलं. मुलांना त्यांनी 'माझं गाव' काढायला सांगितलं होतं. नातीच्या गावात कौलारू घर होतं, मोठं झाड होतं, आणि झाडाखाली एक बाई दोन्ही हात पुढे करून उभी होती.

"आबा, मी हिला इचारलं, आजी अशी का उभी हाय? तर बोलली, चष्मा घरी रायला ना, तिला दिसत नाय."

बाईंनी आवाज खाली आणला. "पोरीला सांगितलं नाय तुमी?"

"तिच्या बापानं सांगायचं ठरवलंय," मी म्हटलं. हे खोटं बाईंना कळलं असणार. त्यांनी कपाट उघडलं. खालच्या खणात पातळ, मोठ्या आकाराची चित्रांची पुस्तकं होती. त्यातली काही काढून त्यांनी पिशवीत घातली. "आमच्या आळीत माणूस दर्यात बुडाला की सगली आळी रडते, पोरांपासून लपवायचं कुठं? तरी पोरं इचारत रातात. मलापण बोलता येत नाय सगल्या टायमाला. म्हणून ही पुस्तकं ठेवली. घेऊन जावा. फक्त जसं हाय तसं वाचा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला, लिहिलेलं जसं आहे तसं वाच म्हणून सांगते ही! पिशवी घेतली आणि पोरीचा हात धरून तरातरा निघालो.

दुपारी पोर झोपली तेव्हा मी ती पुस्तकं काढली. मनात म्हटलं, लहान मुलांना मरणाची पुस्तकं देणारे लोक तरी कोण आहेत ते बघू. पहिल्या पुस्तकात आजी चांदणी होते. पटलं नाही. आमच्याकडे धुरामुळे मुळात चांदण्या दिसतात किती, आणि त्यातली आजी कुठली म्हणून पोरीनं विचारलं तर काय बोट दाखवायचं? दुसऱ्यात एक म्हातारी खार होडीत बसते आणि हात हलवत लांब जाते. म्हणजे पुन्हा गावच! तेही बाजूला ठेवलं. तिसऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक म्हैस होती.

हे पुस्तक मी उघडलं आणि उभ्याचा बसलो. चित्रांच्या पुस्तकाकडे मी जन्मात कधी नीट बघितलं नव्हतं. पोरांच्या हातात द्यायची वस्तू, फाटेल तर फाटेल. इथं दोन पानं भरून काळीभोर म्हैस होती, एवढी मोठी की तिची शिंगं कागदाबाहेर गेली होती, आणि तिच्या पाठीवर बगळा. बगळ्याला रंगच दिला नव्हता. काळ्यामध्ये कागद तेवढा कोरा सोडला होता, तोच बगळा. मी पान उजेडात धरून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. काही न काढता कुणी पक्षी काढू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गोष्ट साधी. म्हैस रोज डबक्यात बसते, बगळा तिच्या पाठीवर बसतो. एका पानावर चार-सहा शब्द, बस. मग एक पान येतं, तिथं म्हैस आडवी आहे, पाय ताठ, डोळे मिटलेले, आणि बगळा चोचीनं तिचा कान ओढतोय. खाली लिहिलंय, 'एके दिवशी म्हैस मेली.' पुढच्या पानावर माणसं खड्डा खणतायत. त्याच्या पुढचं पान उलटलं तर पांढरंफटक. मला वाटलं छपाई राहिली. मग दिसलं की पानाच्या मधोमध एक पिवळी चोच आहे आणि एक बारका डोळा. मागे म्हशीचं काळं नाही, म्हणून बगळासुद्धा दिसेनासा झालाय.

मी त्या चोचीकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. बायको गेल्यापासून भेटायला आलेल्या कुणीही मला असं अचूक ओळखलं नव्हतं. हे चित्र काढणारा माणूस कुठला, काय वयाचा, मला ठाऊक नाही. पण त्याला माझ्या स्वयंपाकघरातली सकाळ माहीत होती.

शेवटी पाऊस पडतो. म्हैस बसून बसून चिखलात जो खळगा झाला होता, तो पाण्यानं भरतो. त्यात आभाळ दिसतं, आणि काठावर बगळा पाणी पितो. संपलं.

नात उठली. मी तिला मांडीवर घेऊन गॅलरीत बसलो. समोर धुराडी होती, वारा कारखान्यांकडून होता, त्यामुळे तो नेहमीचा आंबूस वास येत होता. मी वाचायला लागलो. म्हैस बघून पोर खूश झाली. बगळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा रंगवायचा राहिलाय." मी म्हटलं, "राहिला नाही, मुद्दाम सोडलाय." मग ते पान आलं.

मी म्हटलं, "एके दिवशी म्हैस..." आणि पुढचा शब्द तोंडातून बाहेर येईना. पोरीच्या केसांना तेलाचा वास येत होता. मग मी वाचलं, "एके दिवशी म्हैस गावाला गेली."

पोर पानाकडे बघत राहिली. मी घाईनं पान उलटायला गेलो तर तिनं पानावर हात ठेवला.

"आबा, गाव कुठाय?"

"आहे पुढे."

तिनं स्वतः पान उलटलं. माणसं खड्डा खणत होती. तिनं घर शोधलं, झाड शोधलं, रस्ता शोधला. मग परत मागे आली. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे मी काय वाचलं याच्याशी तिला फार देणंघेणं नव्हतं. ती चित्र वाचत होती. मी सगळा जन्म काट्यावरून नजर फिरवली, पण इतकं रोखून मी काटासुद्धा कधी बघितला नसेल. तिचं बोट म्हशीच्या पायांवरून गेलं, डोळ्यांवर थांबलं, मग बगळ्याच्या चोचीवर.

"हा तिला उठवतोय. झोपलेलं माणूस असं ओढलं की उठतं. ही उठत नाही." मग म्हणाली, "ही कुठं नाही गेली. ही मेलीय. बोंबील मेलेले असतात, तशी."

तिनं पुस्तक मिटलं नाही, पानावर हात ठेवूनच माझ्याकडे मान वळवली.

"आजीपण झोपून गेली होती ना गाडीतून? मी खालच्या काकूंच्या खिडकीतून बघितलं."

"हो."

"डोळे मिटलेले होते?"

"हो."

"तुम्ही हलवलं होतं तिला?"

ओट्याखालची ती फरशी, सांडलेला चहा, तिचा गार पडत चाललेला खांदा, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरनं नाही, मुलानं नाही, भावकीनं नाही.

"हलवलं," मी म्हटलं. "खूप हलवलं गं."

"उठली नाही?"

"नाही उठली."

"मग मेली," ती म्हणाली.

"हो बाळा. आजी मेली."

हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. बँकेत मी 'मिसेस एक्सपायर झाल्या' म्हणालो होतो, गावात 'आमची कारभारीण गेली', पत्रिकेत 'दुःखद निधन' छापलं होतं. तो शब्द तोंडातून गेला आणि मला आश्चर्य वाटलं, की आभाळ कोसळलं नाही. समोरच्या धुराड्यातून धूर निघतच होता. मग पोरीचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली, आणि मीही रडलो, गॅलरीत, सगळ्या बिल्डिंगला दिसेल असा. तिनं बरंच काही विचारलं. दुखलं का? मग काय केलं? मी सगळं सांगितलं. अग्नी दिला ते सांगितलं, आणि राख आपल्या शेतात खड्डा करून त्यात घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं, तेही सांगितलं. आमच्याकडे आता बरेच जण नदीत न सोडता असंच करतात.

तिनं बगळा कान ओढतोय ते पान पुन्हा काढलं. मग म्हणाली, "याला सगळ्यांनी बघू दिलं. मला नाही."

मी तिला जवळ घेतलं एवढंच.

संध्याकाळी सून आली. चपला काढायच्या आत पोर दारात गेली, तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, रडू नकोस हं. आजी गावाला नाहीये. आजी मेलीय. तुला माहीत नव्हतं ना?" सुनेनं माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरची पर्स तशीच ठेवून ती पोरीला घट्ट धरून बसली. मुलगा आला तेव्हा त्यालाही पोरीनं असंच, खुर्चीत बसवून सांगितलं. आम्ही मोठी माणसं जे सांगायला महिनोन्‌महिने घाबरलो, ते या पोरीनं दोन माणसांना सांगितलं, तेही त्यांना सांभाळत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघत होतो. मी या घरातला कर्ता माणूस, आणि माझी मान तिच्यापुढे आपोआप खाली गेली.

पुस्तक मी शाळेत परत दिलं. बाईंनी ते सगळ्या मुलांना वाचून दाखवलं, असं पोरीनं घरी येऊन सांगितलं. मग सुट्टी लागली तेव्हा बाईंनी आपणहून ते पुन्हा पिशवीत घालून दिलं, म्हणाल्या, "असू दे तिच्याकडं. गावाला घेऊन जावा."

मे महिन्यात आम्ही गावाला गेलो. मला अजून धाकधूक होती. ती घरात शिरली, पण कुठं शोधलं नाही. फक्त देवघराच्या खोलीत एकदा डोकावली आणि बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे शेतात गेलो. रोप गुडघ्याएवढं झालं होतं, आणि भावकीतल्या कुणीतरी त्याला चांगलं गोल आळं केलं होतं. पोरीनं कळशीतून तांब्या तांब्या पाणी आणून आळं काठोकाठ भरलं. मग ती उकिडवी बसून पाण्यात बघत राहिली. पाण्यात आभाळ होतं. तिनं आम्हाला कुणाला ते दाखवलं नाही, पण ती काय बघत होती ते मला माहीत होतं. मी टोपी काढली.

मग तिनं आपला खेळण्यांचा डबा उघडला आणि रुमालातून चष्मा काढला. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्हाला वाटलं, ती तो रोपापाशी ठेवणार. सुनेच्या डोळ्यांत आधीच पाणी आलं होतं. पण पोर रोपाला वळसा घालून माझ्यापाशी आली.

"हा तुम्ही घाला."

"मी? मला कशाला? मला तर दिसतं की चांगलं."

"नाही दिसत," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "बाईंनी शाळेत वाचलं तेव्हा पुस्तकात 'म्हैस मेली' असं होतं. तुम्ही 'गावाला गेली' वाचलं होतं. तुम्हाला अक्षर नीट दिसलं नाही."

एवढे दिवस तिनं हे मनात ठेवलं होतं. आबा खोटं बोलले, असं तिला क्षणभरही वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याची नजर अधू झालीय आणि त्याला सांभाळून घ्यायला हवं. आणि आजीला द्यायचा म्हणून जपलेला चष्मा तिनं माझ्यासाठी राखून ठेवला होता. मी त्या शेतात उभा राहून तिच्याकडे बघत होतो.

मी चष्मा घातला. दोरा बांधलेली दांडी कानाला टोचली. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. अक्षरं मोठी, ठसठशीत दिसत होती.

"आता वाचा," ती म्हणाली.

"एके दिवशी म्हैस मेली," मी वाचलं.

तिनं मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.